जॉली बॉय बेटावर जायचंय? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी झाली की अंदमानच्या चौकश्या सुरू होतात. सेल्युलर जेल आणि हॅवलॉकची माहिती कोणताही टूरवाला देतो. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या जॉली बॉय बेटाबद्दल मात्र "एक दिवसाची ट्रिप आहे, जेवण बांधून घ्या" यापलीकडे फारसं कुणी सांगत नाही. तिथले नियम आधी माहीत नसले तर जेटीवरच वादावादी होते. म्हणून शेजारी, पाहुणे आणि ऑफिसातली मंडळी जे विचारतात, ते इथं एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे.

हे बेट नेमकं आहे कुठं?

दक्षिण अंदमानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वंडूर नावाचं गाव आहे. पोर्ट ब्लेअरपासून रस्त्यानं २५-३० किलोमीटर. वंडूरच्या जेटीवरून बोटीनं साधारण तासाभरात जॉली बॉय येतं. हा सगळा भाग महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. १९८३ मध्ये स्थापन झालेलं हे उद्यान सुमारे २८१ चौरस किलोमीटरचं आहे. त्यात १५ बेटं आणि त्यांच्यामधला समुद्र येतो. पर्यटक उतरतात ती बेटं दोनच, जॉली बॉय आणि रेडस्किन. तीही आलटून पालटून उघडी असतात. बाकीची बेटं जाता-येता बोटीतूनच बघायची.

तिकीट काढताना नावांचा घोळ होतो, तेवढं लक्षात ठेवा. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप. बोलण्यात अजून जुनीच नावं चालतात.

सोलापूरहून आता गोव्याला थेट विमान आहे, मालवणला गाडीनं जाता येतं. मग एवढ्या लांब कशाला?

तुमच्याकडे तीन-चारच दिवस असतील तर जाऊ नका. मालवणला जा. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, स्नॉर्कलिंगही (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचं बघणं) होतं आणि सुरमईचं ताट जेवून माणूस खूश होऊन घरी येतो. भोगवे, निवती हे किनारेही शनिवार-रविवार सोडले तर निवांत असतात.

जॉली बॉयचा प्रकार वेगळा आहे. तिथं वस्ती नाही, हॉटेल नाही, टपरी नाही, वॉटर स्पोर्ट्सचा गोंगाट नाही. बेटाच्या मधोमध दाट जंगल, कडेनं पांढरी वाळू आणि गुडघाभर पाण्यापासूनच प्रवाळ. कोकणात पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी बराच काळ गढूळ असतं. या छोट्या बेटांवर मोठी नदीच नाही, म्हणून उघडीप असताना तळ दिसतो. तो तळ बघायचा असेल तरच एवढा खटाटोप करा. नुसतं लाटांत भिजायचं असेल तर काशीद काय आणि तारकर्ली काय, मजा तीच.

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की वाघ-हरीण आठवतं. समुद्राचं कसलं उद्यान?

कायदा तोच, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. आपल्याला जवळचं उदाहरण नान्नजचं. ते माळढोक अभयारण्य १९७९ चं. त्याच्या हद्दीत गावं आली, शेती आली, आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाले. अभयारण्यात काही हक्क, चराई वगैरे चालू राहू शकते. राष्ट्रीय उद्यानात ती मोकळीक नसते. मासेमारी नाही, मुक्काम नाही, काही उचलायचं नाही. समुद्रातल्या उद्यानात प्रवाळ, समुद्री गवत, कासवं, खारफुटीची जंगलं हे सगळं "वन्यजीव" धरलं जातं. आपल्या देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान कच्छच्या आखातातलं, १९८२ सालचं. वंडूरचं त्याच्या पुढच्याच वर्षी झालं.

कधी गेलेलं चांगलं?

जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मे उघडं असतं. पावसाळ्यात ते बंद ठेवून रेडस्किनला बोटी सोडतात. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत अगदी सुरुवातीला गेलात तर रेडस्किनच वाट्याला यायची शक्यता आहे. बुकिंगच्या वेळी स्पष्ट विचारा, कारण काही टूरवाले छापील कार्यक्रमात "जॉली बॉय / रेडस्किन" असं लिहून मोकळे होतात. आलटून पालटून उघडण्यामागचं कारण सरळ आहे. माणसांची वर्दळ काही महिने थांबली की प्रवाळाला सावरायला वेळ मिळतो.

सोमवारी उद्यान बंद असतं. आठवड्याचा कार्यक्रम आखताना हा एक दिवस विसरल्यामुळे बेट हुकलेली कुटुंबं बरीच आहेत.

अंदमानात वर्षाला जवळजवळ ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडच्या चार-पाच वर्षांचा एकाच वर्षात. नैर्ऋत्य मान्सूनबरोबर परतीचा पाऊसही तिथं गाठतो, त्यामुळे नोव्हेंबरातही सरी येतात. माझ्या मते जानेवारी अखेर ते मार्च हा काळ सगळ्यात चांगला. पाणी शांत असतं आणि दृश्यमानता उत्तम. शिवाय संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकून निघता येतं, घरात कुणाची कुरकुर राहत नाही. एप्रिल-मेमध्येही जाता येतं. आपल्या ४२-४३ अंशांपुढे तिथले ३१-३२ काहीच नाहीत असं वाटतं. पण तिथली हवा दमट. सोलापूरच्या उन्हात घाम जागेवर वाळतो, तिथं तो दिवसभर अंगावरच राहतो.

सोलापूरहून जायचं कसं?

सगळ्यात सोयीचं हैदराबाद. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद करत महामार्ग ६५ वरून साधारण ३०० किलोमीटर, पाच-सहा तास. शमशाबादचं विमानतळ शहराच्या दक्षिणेला आहे. गाडीनं जात असाल तर शहरात न शिरता बाहेरच्या रिंग रोडनं जा. रेल्वेनं गेलात तर स्टेशनपासून विमानतळ लांब पडतं, तेवढा वेळ हिशेबात धरा. हैदराबादहून पोर्ट ब्लेअरला थेट विमानं असतात. त्यांचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं.

दुसरा मार्ग चेन्नईचा. वाडी, रायचूर, गुंतकल करत सोलापूरहून चेन्नईला गाड्या जातात. तिथून विमानानं दोन-सव्वादोन तास. मुंबई-पुण्याहूनही जाता येतं, पण आपण आधी पश्चिमेला जाऊन मग पूर्वेला उडायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया. नातेवाईकांकडे मुक्काम करायचा असेल तर गोष्ट वेगळी.

जहाजानं जाणारेही असतात. चेन्नईहून साधारण १२०० किलोमीटर सागरी अंतर आहे आणि तीन दिवसांच्या आसपास लागतात. तरुण पोरांनी एकदा करावं. आई-वडिलांना घेऊन नको.

पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्री गाडीनं निघून, रात्रभर जागून, त्याच दिवशी फिरायला बाहेर पडायचा बेत करू नका. पोहोचल्याच्या दिवशी जॉली बॉय तर अजिबात ठेवू नका. तिथल्या बोटी सकाळीच सुटतात.

घड्याळात फरक पडतो का?

घड्याळ तेच, सूर्य मात्र वेगळा. सोलापूर ७६ रेखांशाच्या आसपास आणि पोर्ट ब्लेअर ९३ च्या जवळ. त्यामुळे तिथं सूर्य आपल्यापेक्षा तासाभरानं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. थंडीत संध्याकाळी साडेपाचला अंधारायला लागतं. "जरा दुपारी जेवून, झोप काढून चार वाजता समुद्रावर जाऊ" हा आपला हिशेब तिथं चालत नाही. पहाटे पाचला उठणाऱ्यांची चैन.

परवानगी लागते का?

भारतीय नागरिकाला अंदमानात जायला वेगळा परवाना लागत नाही. या उद्यानात शिरायला मात्र वन विभागाची परवानगी लागते आणि तिच्यासाठी ओळखपत्र लागतं. परवानगीचं शुल्क वेगळं, बोटीचं तिकीट वेगळं. बहुतेक लोक हॉटेलवाल्याकडून किंवा टूरवाल्याकडून दोन्ही काढून घेतात. तसं करत असाल तर आदल्या संध्याकाळी कागद हातात घ्या आणि त्यावरची नावं आधारवरच्या नावांशी ताडून बघा. दिवसाला ठरावीकच लोकांना सोडतात, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ऐनवेळी काम होत नाही.

सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स सोलापुरातूनच घेऊन जा. मुलांच्याही.

बेटावर राहायला मिळतं का? तंबू तरी?

नाही. मुक्काम नाही, तंबू नाही, शेकोटी नाही. सकाळी जायचं, दुपारी परत.

मग दिवस जातो कसा? नीट सांगा.

पहाटे पोर्ट ब्लेअरहून निघायचं. वंडूरचा रस्ता सुपारी-नारळाच्या बागांतून आणि छोट्या गावांतून जातो. जेटीवर आधी कागद तपासतात, मग सामान. सामानाचं पुढे सविस्तर येतंच.

बोट सुटली की पहिला अर्धा तास लोक फोटो काढण्यात घालवतात. खरं बघण्यासारखं तेव्हाच असतं. दोन्ही बाजूंना बेटं आणि त्यांच्या कडेला खारफुटी. मुळं पाण्यातून कमानीसारखी वर आलेली. बेटांच्या आडोशामुळे पाणी शांत असतं, बोट फारशी हलत नाही. उजव्या-डाव्या बाजूला कधी समुद्री गरुड दिसतो. काही ठिकाणी किनाऱ्यावर वाळलेली झाडं उभी आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि त्सुनामीचं खारं पाणी जंगलात शिरलं. त्यात मेलेल्या झाडांचे सांगाडे वंडूरच्या बाजूला अजून दिसतात.

जॉली बॉयला जेटी नाही. मोठी बोट किनाऱ्यापासून थोडी लांब थांबते, कारण जवळ आणली तर तळाच्या प्रवाळावर घासेल. तिथून काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरायचं आणि तीच बोट किनाऱ्याला लावते. या पहिल्या पाच-दहा मिनिटांतच खाली प्रवाळ दिसायला लागतो आणि सगळे एकदम ओरडतात. सगळे एकाच बाजूला वाकले की बोटवाला ओरडतो.

किनाऱ्यावर उतरल्यावर आपला गट, आपली वेळ सांगितली जाते. काचेच्या बोटीची छोटी फेरी साधारणपणे धरलेली असते. लांबची फेरी किंवा स्नॉर्कलिंग हवं असेल तर तिथं पैसे भरायचे. आधी स्नॉर्कलिंग उरकून घ्या. दुपारी वारा उठला की पाणी थोडं ढवळतं, शिवाय तोवर अंगातली ताकद गेलेली असते. मग सावलीत बसून डबा खायचा. उरलेल्या वेळात काहीच करायचं नसतं. हेच काही जणांना झेपत नाही. "आता काय?" असं विचारणारे काका प्रत्येक बोटीत असतात. त्यांच्यासाठी बेटाच्या दुसऱ्या कडेपर्यंत, जिथवर परवानगी आहे तिथवर, एक चक्कर सुचवावी.

दुपारी बोट परत निघते. उशीर झाला तर थांबत नाही.

प्लास्टिक चालत नाही म्हणतात. मग खायचं-प्यायचं कशातून न्यायचं?

ही चर्चा सगळ्यात जास्त होते, म्हणून मोकळेपणानं लिहितो. एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकला उद्यानात बंदी आहे आणि वंडूरच्या जेटीवर पिशव्या उघडून बघतात. मिनरल वॉटरची बाटली, वेफरचं पाकीट, कॅरीबॅग, प्लास्टिकचे चमचे, सगळं काढायला लावतात. पाण्यासाठी तिथं अनामत भरून बाटली मिळते. परत दिली की अनामत परत. तिची वाट बघण्यापेक्षा घरच्या स्टीलच्या बाटल्या न्या.

खाण्याच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठवडाभर टिकते आणि तिला प्लास्टिकची गरज नाही. अडचण एकच. बाजारातली चटणी प्लास्टिकच्या पाकिटात येते. ती सोलापुरातच स्टीलच्या डब्यात रिकामी करा. कडक भाकरी सुती कापडात बांधली की प्रवासात चुरा कमी होतो. झालाच तर चटणीत कालवून खा, तक्रार कसली? सोबत दही घ्यायचा मोह टाळा, त्या हवेत आंबून जातं. कांदा, काकडी आणि हॉटेलातून डब्यात भरून घेतलेला भात पुरे होतो. बेटावर विकत काहीच मिळत नाही, चहासुद्धा. चहाशिवाय ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी थर्मास घ्यावा.

लहान मुलांची बिस्किटं डब्यात काढून ठेवा. गुटख्याच्या पुड्यांचं काय, असं एकानं विचारलं होतं. त्याही काढून ठेवा, शक्यतो कायमच्याच.

ही तपासणी काहींना अतिरेक वाटते. माझं मत उलट आहे. हिप्परग्याच्या काठावर किंवा उजनीच्या बॅकवॉटरला सुट्टीनंतर काय पडलेलं असतं ते आपण बघतो. तिथं तपासणी नाही, म्हणून तो कचरा. इथं तपासणी आहे, म्हणून ती वाळू. जेटीवर पंधरा मिनिटं रांगेत उभं राहायला काही हरकत नाही.

मला पोहता येत नाही. स्नॉर्कलिंग जमेल का?

जमतं. लाईफ जॅकेट घालतात आणि गाईड हाताला धरून किंवा ट्यूबला धरायला लावून नेतो. अडचण पोहण्याची नसते, तोंडानं श्वास घेण्याची असते. नाक मास्कमध्ये बंद होतं आणि माणूस घाबरतो. म्हणून आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, नुसतं तोंड पाण्यात घालून दहा-बारा श्वास घ्या. ते जमलं की पुढचं आपोआप होतं.

विहिरीत सूर मारत मोठी झालेली गावाकडची मंडळी इथं वेगळ्या कारणानं फसतात. खारं पाणी अंगाला वर ढकलतं, त्यामुळे पोहणं सोपं वाटतं आणि माणूस हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या बाहेर जातो. विहिरीत प्रवाह नसतो, इथं असतो. दोरीच्या आत राहा. आणि पाय तळाला टेकवू नका. प्रवाळानं कापलं तर जखम लवकर भरत नाही, आणि ज्याच्यावर पाय दिला तो जीवही मरतो. गोल, डोक्याएवढा वाढलेला प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे तो तुमच्या मुलाच्या वयाचा तरी असतो.

दाढी-मिशी राखणाऱ्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं. मिशीला थोडं व्हॅसलीन लावलं की कमी शिरतं. चष्मेवाल्यांना मास्कच्या आत चष्मा बसत नाही. लेन्स वापरत असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

स्कुबा (हवेचं सिलिंडर लावून खोल पाण्यात उतरणं) करायचा असेल तर तो हॅवलॉकच्या दिवसांत ठेवा.

तिथं दिसतं काय?

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. हजारो बारीक जीव एकत्र राहून चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवतं आणि प्रवाळाला खायला देतं. रंगही बहुतेक त्याचाच. म्हणून प्रवाळाला स्वच्छ, उथळ, उजेडाचं पाणी लागतं.

हरणाच्या शिंगांसारखे फांद्यांचे प्रकार, मेंदूसारख्या वळ्यांचे गोळे, त्यांच्यामधून पोपटमासे. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळावरचं शैवाल खरवडतो. त्याबरोबर पोटात गेलेला चुना बारीक वाळू होऊन बाहेर पडतो. पांढऱ्या किनाऱ्यातली थोडी वाळू अशी तयार झालेली असते. हे सांगितल्यावर पोरं दिवसभर हसतात. नशीब असेल तर समुद्रफूल नावाच्या जिवाच्या गोंड्यात लपलेला नारिंगी क्लाऊनफिश दिसतो, आणि उघड-मीट करणारा मोठा शिंपला. काळ्या काकडीसारखं तळाशी निपचित पडलेलं दिसतं ते समुद्री काकडी नावाचं जनावर. कायद्यानं संरक्षित आहे, हात लावू नका.

जाहिरातीत असतो तसा सगळीकडे रंगीत प्रवाळ दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर झालं. २०१० च्या एप्रिल-मे मधला तडाखा फार मोठा होता. काही भाग सावरले, काही ठिकाणी नुसते करडे तुकडे पडलेले दिसतात. गाईडला विचारलंत तर तो नव्यानं वाढणाऱ्या फांद्याही दाखवतो. टोकाला फिकट निळा-जांभळा रंग असला तर ती फांदी वाढतेय असं समजायचं.

मगरी असतात का?

असतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानच्या खाड्यांत, खारफुटीत राहतात. वंडूरला लागूनच लोहाबॅरक इथं त्यांचं अभयारण्य आहे. हॅवलॉकला २०१० मध्ये एका परदेशी महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. त्यामुळे वंडूरच्या किनाऱ्यावरच्या सूचनांच्या पाट्या शोभेच्या नाहीत. जाळी लावलेल्या भागाबाहेर पाण्यात उतरू नका आणि संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी पाय सोडून बसू नका. जॉली बॉयला गाईड सांगेल तिथंच उतरायचं, एवढं पाळलं तर घाबरून घरी बसण्यासारखं काही नाही.

जास्त त्रास देते ती वाळूतली बारीक माशी. चावलेलं कळत नाही, रात्री खाज सुटते. वाळूत थेट आडवं होऊ नका आणि पायांना खोबरेल तेल लावून बसा.

आई-बाबांना नेता येईल का? गुडघे दुखतात.

बोटीचा प्रवास सोसतो. अवघड जागा एकच, मोठ्या बोटीतून छोट्या बोटीत उतरणं आणि तिथून वाळूवर पाय टाकणं. हाताला धरणारी माणसं असतात, तरी पाय उचलून टाकता यायला हवा. आजींनी नऊवारी-सहावारीपेक्षा त्या दिवसापुरता पंजाबी ड्रेस घालावा, ओल्या साडीत चढणं कठीण जातं. पाण्यात न उतरताही काचेच्या बोटीतून सगळं दिसतं, त्यामुळे त्यांचा दिवस वाया जात नाही. फक्त स्वच्छतागृहाचं वंडूरलाच उरकून घ्या.

अगदी तान्हं मूल असेल तर मी नेणार नाही. ऊन, खारं पाणी आणि ठरलेली बोट, यात आईचे हाल होतात.

बरोबर काय न्यायचं?

टॉवेल आपलाच, सोलापुरी. हॉटेलचा टॉवेल बेटावर न्यायला बरेच जण देत नाहीत, आणि सुती टेरी टॉवेलच्या गावातल्या माणसानं तो मागायचा तरी कशाला? लांब बाह्यांचा पटकन वाळणारा टी-शर्ट, टोपी, रबरी सँडल, ओले कपडे भरायला कापडी पिशवी. फोनसाठी वॉटरप्रूफ कव्हर न्यायचं असेल तर ते पुन्हा पुन्हा वापरण्यातलं घ्या.

सनस्क्रीनचा मारा करून पाण्यात उतरू नका. त्यातला ऑक्सिबेन्झोन प्रवाळाला अपायकारक मानला जातो. पलाऊ देशानं २०२० पासून आणि हवाईनं २०२१ पासून अशा सनस्क्रीनवर बंदी घातली आहे. लांब बाह्यांनी निम्मं काम होतं.

ड्रोन घरी ठेवा.

फोन लागतो का? पैसे रोख न्यायचे का?

चेन्नई ते अंदमान समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, त्यानंतर पोर्ट ब्लेअरमध्ये इंटरनेट बरंच सुधारलं. बेटावर मात्र फोनच्या भरवशावर राहू नका. "पोहोचलो" हा निरोप वंडूरहूनच द्या, नाहीतर घरी उगाच काळजी. स्नॉर्कलिंगच्या पैशांसाठी रोख रक्कम जवळ ठेवा, सुट्टे असतील तर उत्तम.

भाषेची अडचण येते का?

सगळ्यांना हिंदी येतं. शिवाय बंगाली, तमिळ आणि तेलुगू बोलणारे खूप. आपल्या पूर्व भागातली मंडळी तिथं तेलुगूत सुरू झाली की बोटवाला, नारळवाला, हॉटेलवाला सगळे ओळखीचे होतात, आणि बाकीचे सोलापूरकर मागं उभे राहून भाव कमी व्हायची वाट बघतात.

शंख-शिंपले आणता येतात का? देवघरात ठेवायला एखादा?

नाही. मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही. प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामानात सापडला तर जप्ती आणि कारवाई दोन्ही होते. रिकामा शंखही रिकामा नसतो, पुष्कळदा त्यात खेकडा राहायला आलेला असतो. पाहुण्यांना काही द्यायचंच असेल तर पोर्ट ब्लेअरच्या सरकारी 'सागरिका' विक्री केंद्रातून लाकडाच्या, नारळाच्या करवंटीच्या वस्तू पावती घेऊन घ्या. पावती जपून ठेवा.

बोटवाल्याला थोडे जास्त पैसे देऊन बाजूच्या बेटावर उतरता येईल का?

नाही, आणि विचारूही नका. त्याचा परवाना जातो. याच विषयात आणखी एक. पश्चिमेला उत्तर सेंटिनल हे बाहेरच्या जगापासून दूर राहणाऱ्या आदिवासींचं बेट आहे. तिथं जायला कायद्यानं मनाई आहे, आसपासचा समुद्रही बंद आहे. व्हिडिओ बघून डोकं फिरलेल्या पोरांना हे घरूनच सांगून पाठवा.

दारू?

नाही.

हवामान बिघडून बोट रद्द झाली तर?

होते कधी कधी. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आला की बंदर खातं बोटी थांबवतं, त्यात कुणाची ओळख चालत नाही. म्हणून जॉली बॉय सहलीच्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवलंत तर रद्द झाल्यावर पुढे सरकवायला जागा राहते. मधे सोमवार येतो का तेही बघा. परतावा कसा मिळेल हे टूरवाल्याकडून लिहून घ्या. तोंडी "बघू की ओ" यावर विसंबू नका.

मोकळा झालेला दिवस सेल्युलर जेलला द्या. मूळच्या सात इमारतींपैकी तीनच उरल्या आहेत, पण नीट बघायला अर्धा दिवस लागतो. चार हुतात्म्यांच्या गावातून गेलेल्या माणसाला तिथल्या गाईडला फार काही समजावून सांगावं लागत नाही. पाऊस थांबला असेल तर संध्याकाळी चिडिया टापूला जा. पोर्ट ब्लेअरहून साधारण २५ किलोमीटर आहे आणि सूर्यास्त साडेपाचच्या आसपास होतो, म्हणजे चार वाजता गाडीत बसलेलं असायला हवं.